फिरत्या घरातलं पिण्याचं पाणी

ती. दादांना,

वाकून नमस्कार. (वाकल्यावर पुन्हा सरळ होता आलं, हीसुद्धा या महिन्यातली एक बातमीच समजा. का ते पुढे येईलच.) वहिनींचा गुडघा कसा आहे? त्यांना म्हणावं, तेल चोळून काही होत नसतं, व्यायाम करा. मी तीस वर्षं वॉर्डात हेच सांगत आले आणि तीस वर्षं कुणी ऐकलं नाही. तुमची झोप लागते ना नीट? आम्ही दोघं खुशाल आहोत, आणि मी तर जरा जास्तच खुशाल आहे.

दादा, त्या बुधवारी मी तुम्हाला फोन करून विचारलं होतं, की फिरत्या घरात पाण्याचा फिल्टर कसा बसवायचा. त्यावर तुम्ही आधी हसलात, मग वहिनींना हाक मारून सांगितलंत, मग त्या हसल्या, आणि मग तुम्ही म्हणालात, "तुझं काम नाही ते. नळवाला बोलाव." तुम्ही पाणीखात्यात अख्ख्या गावाच्या नळ्या टाकल्यात, तेव्हा हसायचा तुमचा अधिकार मला मान्य आहे. पण फिल्टर मी बसवला. मीच. एकटीने. आता सविस्तर ऐका, आणि वहिनींनाही वाचून दाखवा.

यांचं तुम्हाला ठाऊकच आहे. एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, जगातल्या नद्या तोंडपाठ, आणि स्वतः पाहिलेली नदी एकच, ती शाळेच्या मागची. निवृत्त झाल्यावर मोठ्या हौसेने ही गाडी घेतली: दोन पलंग, ओटा, चिमुकलं सिंक आणि कपाटाएवढं संडास-न्हाणीघर. पहिलीच सहल तळ्याकाठी. तिसऱ्या दिवशी टाकीतल्या पाण्याला जुन्या बुटासारखा वास यायला लागला. मी ते उकळून घेत होते, हे तसंच पीत होते, कारण माणसाने सगळ्या पाण्यांची सवय करून घ्यायला हवी असं यांचं मत. मग पुढची सगळी सहल यांनी त्या न्हाणीघरात काढली. (आत बसलं की गुडघे दाराला लागतात, त्यामुळे आत कुणी आहे का हे विचारावं लागत नाही, दार हलत असतं.) घरी आल्या आल्या यांनी जाहिरात दिली आणि मंगळवारी जेवताना मला सांगितलं, रविवारी अकराला एक बेकरीवाला गाडी पाहायला येतोय, पसंत पडली तर घेऊन जाईल.

मी वाद घातला नाही. यांच्याशी वाद घातला की हे नकाशा काढतात. पण दादा, मला खरंच फार वाईट वाटलं. तीस वर्षं मी रात्रपाळ्या केल्या ते खिडकीतून पार्किंग बघायला नव्हे. तळ्याकाठी सकाळी दार उघडलं होतं तेव्हा समोर नुसतं पाणी होतं आणि कुणालाही माझ्याकडून काही नको होतं. ते मी सोडणार नव्हते.

नळवाला म्हणाला, दोन आठवड्यांनी येतो. तुम्ही हसलात. म्हणून मी दुकानात गेले. दुकानदाराने दोन निळे डबे पुढे ठेवले, एक गाळ अडवणारा, दुसरा कोळशाचा, आणि विचारलं, बसवणार कोण? मी म्हटलं, मी. तर तो माझ्या मागे बघायला लागला, आणखी कुणी उभं आहे का म्हणून. मी त्याला सांगितलं, बाबा रे, मी हजारो माणसांना नळ्या जोडल्यात, आणि ती सगळी हलत होती. सिंक निदान हलत तरी नाही.

गुरुवारी टाकी धुतली. शुक्रवारी सिंकखालच्या कपाटात शिरले. म्हणजे डोकं आणि दोन हात आत, बाकीची मी बाहेर. नळी कापली मात्र, आणि टाकीतलं पाणी नळाला ढकलणारा पंप गुरगुरला! तो बंद करायचा राहिलाच होता. पाणी आधी माझ्या बाहीत शिरलं, मग छताला लागलं आणि छतावर यांनी चिकटवलेल्या जगाच्या नकाशावरून टपटपायला लागलं. हे धावत आले आणि "काय चाललंय?" म्हणाले. मी आतूनच म्हटलं, "आंघोळ." यांनी थोडा वेळ माझ्या पायांकडे पाहिलं असावं, मग निघून गेले. चौतीस वर्षांच्या संसारात माणूस प्रश्न कुठे थांबवायचे ते शिकतो.

डबे जोडले, नळ उघडला, तर थेंब... थेंब... थेंब. अगदी सलाईन! बॅटरी घेऊन पाहिलं तेव्हा डब्यावरचा बाण दिसला. पाणी कुठून शिरणार आणि कुठून निघणार हे त्यावर लिहिलेलं होतं, आणि मी नेमकं उलटं जोडलं होतं. (हे दुकानदाराला सांगू नका.) पुन्हा सगळं काढून सुलट केलं, तर नळातून धो धो शाईसारखं काळं पाणी! आणि तेव्हाच हे दारात. ग्लास उचलून उजेडात धरला, आणि खाली ठेवून चालू लागले. कोळशाचं पहिलं पाणी काळंच येतं आणि ते सोडून द्यायचं असतं, हे मी ओरडून सांगितलं, पण तोवर हे घरात पोचले होते. दोन बादल्या सोडल्यावर पाणी असं आलं की ग्लासात आहे की नाही ते कळेना.

तरी एक दुखणं राहिलंच. नळ बंद असला तरी दर दहा मिनिटांनी पंप गुरगुरे. म्हणजे कुठेतरी गळत होतं. तुमचा नंबर फिरवायला घेतला होता, पण ते हसणं आठवलं. मग प्रत्येक जोडाला टिपकागद गुंडाळला, जखमेला बांधतात तसा, आणि वाट बघत बसले. सहापैकी पाच कोरडे, सहावा भिजलेला. त्याच्या आट्यांवर पांढरी टेप मी उलट्या बाजूने गुंडाळली होती, त्यामुळे जोड आवळला की ती सुटत होती. नीट गुंडाळली, आवळला, आणि ऐकत बसले. दहा मिनिटं झाली, वीस झाली, तासभर झाला. पंप गप्प! शनिवारी दुपारी त्या ओल्या फरशीवर बसून मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

रविवारी अकराला बेकरीवाला आला. पलंग दाबून पाहिले, दारं उघडून पाहिली. मग त्याने पाणी मागितलं. मी ग्लास भरून दिला. तो प्यायला, थांबला, आणि दुसरा मागितला. म्हणाला, "माझं सगळं आयुष्य कणीक भिजवण्यात गेलं, मला पाणी कळतं. असं पाणी माझ्या बेकरीत नाही. कुणी बसवलं हे?" यांनी माझ्याकडे बोट केलं. बेकरीवाला म्हणाला, गाडी आत्ताच नेतो. माझं अवसानच गळालं. गाडी वाचावी म्हणून मी खपले, आणि तीच जास्त विकाऊ करून ठेवली!

तेव्हा यांनी काय करावं? सिंकपाशी गेले, ग्लास भरला, डोळे मिटून प्यायले. पोटावर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले. आणि म्हणाले, "गाडी विकायची नाही."

"अहो, जाहिरात तुमचीच ना?" बेकरीवाला चिडला.

"ती आधीच्या गाडीची होती," हे म्हणाले.

मंगळवारी आम्ही त्याच तळ्याकाठी होतो. पाच दिवस राहिलो. न्हाणीघराचं दार एकदाही हललं नाही. शेजारच्या गाड्यांतले लोक बाटल्या घेऊन आमच्याकडे यायचे, आणि हे त्यांना बाण कुठल्या दिशेला हवा ते समजावून सांगायचे. मी खुर्ची टाकून तळं बघत बसले होते. दादा, इतकं सुख मला कधी झालं नव्हतं.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची धाकटी बहीण

ता. क. आता मुद्द्याचं. परत येऊन सतरा दिवस झाले. हे गाडी रोज पुसतात, टाकी भरतात, पण निघू या म्हटलं की "पाहू" म्हणतात. तर तुम्ही यांना फोन करा आणि तुमच्या त्या खात्याच्या आवाजात सांगा, की फिल्टरवाली गाडी महिनाभर उभी राहिली की फिल्टर कायमचा खराब होतो, तिला फिरती ठेवावी लागते. खरं की खोटं मला माहीत नाही. मी सांगितलं तर पुरावा मागतील, तुम्ही सांगितलंत तर लिहून घेतील. आणि हे मी सांगितलं असं चुकूनही बोलू नका.

ता. क. (अक्षर वेगळं आहे, चकित होऊ नका.) दादा, सा. न. पत्र चिकटवून पेटीत टाकायचं काम माझ्याकडे आलं. महिना फार होतो, तुम्ही पंधरा दिवस सांगा. आणि फोन ती समोर असेल तेव्हा करा. मी बरीच कुरकुर करीन, तिकडे लक्ष देऊ नये.