आमचे हे कधी येणार

बुधवार, ता. ५

ती. ताईंस,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या धाकट्या बहिणीसमोर फोनवर बोलता येत नाही, म्हणून लिहितो. हॉस्पिटलातून घरी सोडणार होते त्या सकाळी मी तिची पिशवी भरत होतो. पिट्युटरी ग्रंथीवरची गाठ नाकावाटे नीट निघाली होती. नर्सने माझ्याकडे बोट दाखवून तिला विचारलं, यांचं नाव काय? ही नुसती हसली. मी म्हणालो, उभ्या जन्मात घेतलं नाही, आता कसली घेते! सगळा वॉर्ड हसला. तिला ते आठवत नव्हतं, ताई. रक्तातलं सोडियम तेव्हाच उतरू लागलं होतं. संध्याकाळी घरी आकडी आली.

डॉक्टरांनी सोडियम जपून, सावकाश वर आणलं. पण मेंदूला सूज येऊन गेली. काय परतेल ते त्यांनाही सांगता येत नाही. स्वयंपाक करते, तुमची आठवण काढते. मला मात्र ‘अहो’ म्हणत नाही. खाली पुस्तकं बांधताना बघते, म्हणून ‘बाइंडर’ म्हणते, आणि विचारते, आमचे हे कधी येणार?

देवाची मर्जी. लोभ असावा, सध्या जरा जास्तच लागेल.

आपला मेहुणा

रविवार, ता. ९

प्रिय बाइंडरबुवा,
अ. उ. आ.

तो किस्सा तुम्ही त्याच दुपारी फोनवर सांगितलात तेव्हा मीही हसले होते. एकट्यानेच जीव जाळू नका. शाळेतसुद्धा ती मास्तरांना ‘ते चष्मेवाले’च म्हणायची.

तुम्ही लिहिलं नाहीत ते तिने काल फोनवर सांगितलं. बाइंडर सज्जन आहे गं, म्हणाली, पण परका पुरुष घरात असताना मला झोप लागत नाही. ह्यांना कळलं तर काय वाटेल? तिला पटवायला जाऊ नका, आणखी घाबरेल. माझ्याकडे पाठवा. तीही झोपेल, तुम्हीही.

जेवण चुकवू नका. मोठी आहे म्हणून सांगते.

ताई

गुरुवार, ता. १३

ती. ताईंस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र देवापुढे ठेवून बराच विचार केला. तिला पाठवत नाही. तिचे ‘हे’ याच दारातून येतील असं ती धरून आहे; तिकडे कुठल्या दाराकडे बघेल? घर तिचं आहे. परका मी आहे.

आज दिवेलागणीला माझी गादी खाली बाइंडिंगच्या खोलीत नेली. शेजारच्या वहिनी तिच्या सोबतीला आल्या. तुमची बहीण जिन्यापर्यंत पोचवायला आली. पुठ्ठ्यांवर झोपू नका, पाठ धरेल, म्हणाली. मग तिने दाराला आतून कडी घातली. मी खाली उभा राहून ती ऐकली.

आपला मेहुणा