कटिंग टेबलावरचे खडू

प्रिय मामी,

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. 'जेवलीस का, झोपतेस का' विचारतेस आणि माझं उत्तर यायच्या आत ठेवूनही देतेस. म्हणून हे पत्र. मशिनं बंद झाली की निवांत बसून वाच.

काल कटिंग टेबल पुसताना खडूचा तुकडा हाती आला आणि मला एकटीलाच हसू फुटलं. आठवतंय? मी तुझ्या शिवणाच्या दुकानात शिकायला आले आणि कापडावर खुणा करायचे खडू गायब व्हायला लागले. तू उंदरांवर संशय घेतलास, सापळासुद्धा लावलास. उंदीर मीच होते. त्या खडूची अशी काही तलफ यायची, की हातातली कात्री बाजूला पडायची. मागच्या खोलीत गठ्ठ्यांच्या आड तू मला रंगेहाथ पकडलंस, तेव्हा माझे ओठ खडूने निळे झाले होते. वाटलं, आता मामी घरी पाठवणार. आणि घरी परत जायचं म्हणजे शिवण कायमचं सुटलं, हे तुलाही ठाऊक होतं.

तू ओरडली नाहीस. खिडकीपाशी नेऊन माझी खालची पापणी ओढलीस, 'अगं, हे तर अस्तराच्या कापडासारखं पांढरं!' म्हणालीस आणि दुकान तसंच टाकून मला डॉक्टरीणबाईंकडे नेलंस.

तोवर मी आळशी आहे यावर सगळ्यांचं एकमत झालं होतं, माझंसुद्धा. जिना चढताना धाप लागायची, मशीनवर बसल्या बसल्या डोळे मिटायचे. बाई म्हणाल्या, रक्तात लोह फार कमी आहे, खडूची तलफही त्यामुळेच. पाळीत किती रक्त जातं विचारलं, तेव्हा मी मान खाली घातली. एवढं सगळ्याच बायकांचं जात असेल, अशी माझी समजूत. त्यावरही औषध असतं, हे मला त्या दिवशी कळलं. परत आल्यावर तू मशीनवरच्या बायकांना दम भरलास, हिला पुन्हा आळशी म्हणाल तर गाठ माझ्याशी आहे. त्या एका वाक्यावर मी कितीतरी दिवस काढले.

लोहाच्या गोळ्यांचा मात्र आपण घोटाळाच केला. आपल्या दुकानात डोकं दुखो की पोट, गोळी सकाळच्या चहाबरोबरच घ्यायची. तू स्वतः कप आणि गोळी आणायचीस, मी गिळेपर्यंत हलायची नाहीस. पुन्हा रक्त तपासलं तर जैसे थे! बाईंनी कपाळाला हात लावला. चहा लोह अंगी लागूच देत नाही म्हणे. दुसऱ्या दिवसापासून तू सगळ्यांचाच सकाळचा चहा बंद केलास आणि लिंबूपाणी सुरू केलंस. बायकांनी तुला मनातल्या मनात लाखोली वाहिली. गोळ्यांमुळे शौचाला काळं झालं म्हणून मी रडले, तर म्हणालीस, 'जाऊ दे काळं, आत लाल राहतंय ना!' खडूची तलफ कधी गेली ते कळलंच नाही. बरं वाटायला लागल्यावरही बाई सांगेपर्यंत तू गोळ्या सोडू दिल्या नाहीस. आज माझं स्वतःचं टेबल आहे, दिवसभर उभी राहून कापड कापते आणि संध्याकाळी जिना गाणं म्हणत चढते. मामी, हे तुझं देणं आहे.

मागच्या आठवड्यात तुझी लेक, आपली चिमणी, परीक्षेसाठी माझ्याकडे राहिली होती. थंडीचे दिवस, आणि हिने माझ्या फ्रिजमधला बर्फ कडाकडा चावून संपवला, माझ्या खडूसारखाच. जिन्यात मध्येच बसली. मी तिला खिडकीपाशी नेलं. मामी, तिची पापणी आतून तशीच पांढरी आहे. परवा फोनवर तू म्हणालीस, 'पोरगी नुसती आळशी झालीय.' दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. रागावू नकोस, तिच्यावर नको आणि स्वतःवरही नको. तिला उद्याच बाईंकडे ने. आणि माझ्यासाठी जो शब्द तू कुणाला काढू दिला नाहीस, तो तिच्यासाठी काढायचा नाही. काढलास, तर गाठ माझ्याशी आहे.

तुझीच,
खडूखाऊ