रिकाम्या खोलीतली उमेदवार

१४ जानेवारी

चि. धाकट्यास,

अक्काचे आशीर्वाद. माझी तब्येत उत्तम, गुडघे सोडले तर. तू, भावजय आणि माझी भाची तिघंही सुखात असाल असं धरून चालते, कारण विचारायची सोय तू ठेवलेली नाहीस. पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र न उघडता ठेवून देऊ नकोस. काम आहे.

विद्यापीठाच्या अभिलेखागाराने माझे कागद मागितले आहेत. राज्यशास्त्र शिकवण्यात उभी हयात घालवलेल्या बाईचे कागद म्हणजे काय असणार? पण त्यांना सगळं हवं आहे. व्याख्यानांची टिपणं, विद्यार्थ्यांचे प्रबंध, आणि मुख्य म्हणजे नगरपालिकेच्या सभांच्या माझ्या नोंदी. आठवतं ना, मी सभागृहाच्या माडीवर प्रेक्षकांत बसून लिहीत असायचे आणि खाली तुझे सोबती मला ‘गॅलरीबाई’ म्हणायचे? विभागातले सहकारी तर माझ्या विषयाला ‘गटारशास्त्र’ म्हणत. ते सगळे राजधानीतल्या घडामोडींवर लिहीत होते आणि मी आपली दिव्याचे खांब आणि नळाच्या लायनींवर. आता त्यांचे कागद कोणी मागत नाही. माझे न्यायला टेम्पो येतो. मला आनंद झाला हे मी लपवत नाही.

अभिलेखागारातून एक उंच, कमी बोलणारी बाई येते. दिवसभर माझ्या जेवणाच्या टेबलाशी बसून कागदांच्या गंजलेल्या टाचण्या काढते. परवा तिने तुझ्या मुलाखतींच्या कॅसेट बाहेर काढल्या आणि विचारलं, “हे गृहस्थ हयात आहेत का?”

म्हटलं, “हयात आहेत. बोलत मात्र नाहीत.”

तिला गंमत कळली नाही. तिने इतकंच सांगितलं की हयात माणसाची परवानगी लागते. तू हो म्हणालास तर कॅसेट कोणालाही ऐकता येतील, नाही म्हणालास तर तुझ्या-माझ्या पश्चात बघतील. हे काम. उत्तर एका ओळीत दिलंस तरी चालेल.

आता बाकीची हकीकत. समोरची खोली पार रिकामी झाली आहे. कपाटं हलवल्यावर भिंतीचा मूळ रंग कळला, पिस्ता होता म्हणे. खोली रिकामी झाली ते बरंच झालं, लागणारच होती. सध्या तिथे एक लांब टेबल आणि शेजाऱ्यांच्या उसन्या खुर्च्या आहेत. संध्याकाळी चार माणसं येऊन बसतात. माझ्या जुन्या विद्यार्थिनी आहेत, खालची शिंपीण आहे, निवृत्त पोस्टमन आहे. चहा होतो, बोलणं होतं.

कशाबद्दल ते सांगते. स्वतःच्या दिवाळखोरीच्या बातम्यांच्या गदारोळात नगरपालिकेने एक ठराव गुपचूप उरकला, तो तुझ्या कानावर आला असेल. प्रेक्षकांची गॅलरी बंद. मी नेहमीसारखी गेले तर दारावरचा पहारेकरी बिचारा पायाकडे बघत म्हणाला, “बाई, वरून हुकूम आहे. आता सगळं मोबाइलवर दिसतं ना, मग कशाला जिने चढायचे?”

घरी येऊन मोबाइलवर पाहिलं. कॅमेरा नगराध्यक्षांच्या खुर्चीवर रोखलेला. कोण कोणाच्या कानाला लागलं, मतदानाच्या आधी कोण हळूच बाहेर सटकलं, कोणी वाचल्याशिवाय हात वर केला, यातलं काही त्यात येत नाही. तू तिथे बसलेला आहेस. त्या सभागृहात महत्त्वाचं काय असतं हे तुला मी सांगायला नको.

मी अर्ज केले, दोनदा भेटायला गेले. मग विचार केला की त्या दालनात आता फक्त एकाच प्रकारच्या खुर्चीवर बसता येतं. तर तीच घ्यावी.

उमेदवारी अर्ज मंगळवारी भरला. प्रभाग तुझाच जुना. समोर तुझ्या पक्षाचा उमेदवार आहे, औषधाच्या दुकानवाला. हे तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मी कळवावं असं वाटलं, म्हणून पत्राला घाई केली. कॅसेटच्या परवानगीला तशी घाई नव्हती.

तुझी,
अक्का


२ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

तुझं कार्ड मिळालं. “कॅसेट उघड्या ठेव. बोललो ते बोललो. निवडणुकीत पडशील.” एवढ्या वर्षांनी तीन वाक्यं, आणि तिन्हीत एक शब्द फुकट नाही. मजकुराखाली सही करायलाही तू विसरला नाहीस, म्हणजे तुझ्यातला नगरसेवक अजून शाबूत आहे. टाचण्या काढणाऱ्या बाईने कार्ड जपून ठेवायला मागितलं. मी दिलं नाही. तिला त्याची प्रत करून दिली.

निशाणी कात्री मिळाली आहे. हसून घे.

आता तुझ्या तिसऱ्या वाक्याबद्दल. तुझा अंदाज चुकीचा नाही. मतदार दाराशी का येतो, उमेदवाराला नाही कसं म्हणतो, यावर माझी दोन प्रकरणं आहेत आणि ती अजून शिकवली जातात. पण परवा एका दारात मी गॅलरीचं महत्त्व सांगायला सुरुवात केली. घरातला माणूस हातात साबण घेऊन ऐकत होता, आणि माझं बोलणं संपेपर्यंत त्याच्या हातावरचा फेस वाळला. माझ्या विद्यार्थिनीने जिन्यात मला हळूच सांगितलं, “मॅडम, तास संपल्याची घंटा इथे होत नाही.” दुसऱ्या घरी एक म्हातारी म्हणाली, “मत देईन गं, पण तू बस आधी, धाप लागलीय तुला.” माझ्याच वयाची असेल. मला म्हातारी म्हणाली नाही हे नशीब.

औषधवाला तरुण आहे, गोड बोलतो, प्रत्येकाची पोटदुखी त्याला पाठ आहे. माणूस वाईट नाही. गॅलरीचा विषय निघाला की “बघू, बघू” म्हणतो.

मी हरायला उभी राहिलेली नाही. वर्गात मी मुलांना नेहमी सांगायचे, जो फक्त मत मांडायला उभा राहतो तो भाषण करतो, निवडणूक नव्हे. मला निवडणूक लढायची आहे. आणि दारात उभं राहून मत कसं मागायचं हे मला येत नाही. तुला येतं. तुझ्याइतकं चांगलं दुसऱ्या कोणाला येताना मी पाहिलेलं नाही, आणि मी पुष्कळ पाहिले.

तुझ्या पक्षाविरुद्ध काम कर असं मी म्हणत नाही. कसं मागायचं तेवढं पत्राने कळव. माझ्या ज्या पुस्तकावरून तू बोलणं सोडलंस, त्याबद्दल आपण बोलायला नको. त्यातला एक शब्द मी आजही मागे घेणार नाही, आणि तो मागे घेतला असं दाखवून तुझ्याकडून काही मिळवावं इतकी मी उमेदवार झालेली नाही.

तुझी,
अक्का


९ मार्च

प्रिय धाकट्या,

निकाल तुला माहीत आहे. तू माझ्या शेजारीच उभा होतास. तरी लिहायला बसले आहे, कारण तुला माहीत नसलेली एक गोष्ट आहे आणि ती तोंडाने सांगायला मला जमलं नाही. तू आठवडाभर माझ्या रिकाम्या खोलीत खाटेवर झोपलास, मी शेजारच्या खोलीत जागी असायचे, आणि आपण दोघं रोज सकाळी कुठल्या गल्लीत जायचं एवढंच बोललो.

आधी तुझ्या येण्याबद्दल. मी पत्राने सल्ला मागितला होता. तू पिशवी घेऊन दारात. “पत्राने येत नाही शिकवता,” म्हणालास आणि सरळ आत येऊन उसन्या खुर्चीवर बसलास, जसा काही गेल्या आठवड्यातच येऊन गेला होतास. मी चहा टाकायला आत गेले ती जरा उशिराच बाहेर आले, ते गॅस संपला म्हणून नव्हे.

तू मला शिकवलंस. आधी विचारायचं, मग गप्प बसायचं. उंबऱ्याच्या आत पाय टाकायचा नाही. नाही म्हणणाऱ्याचे आभार हो म्हणणाऱ्यापेक्षा मोठ्याने मानायचे. हे सगळं माझ्या प्रकरणात आहे, पण तुझ्याकडून ऐकताना ते नवीन होतं.

आता ती गोष्ट. तळ्यामागच्या गल्लीत तू म्हणालास, “तू डावीकडची घरं घे, मी उजवीकडची.” त्या गल्लीला तू एकटा सामोरा जाणार हे मला दिसत होतं. ती गल्ली माझ्या पुस्तकात आहे. तुला मत न देणारी गल्ली, जिची पाण्याची लाइन तू वळवून आपल्या माणसांकडे नेलीस. नाव न घेता लिहिलं होतं, पण गावाने ओळखलं, तू पडलास, आणि त्यानंतर माझ्याशी बोलला नाहीस.

तुला वाटलं मी समोरच्या घरात आहे. तिथे कुलूप होतं. मी तुझ्याच मागे जिन्यात उभी होते.

दार उघडणाऱ्या बाईने तुला लगेच ओळखलं. “तुम्ही? आमचं पाणी तोडणारे तुम्हीच ना?”

मला वाटलं तू हसून वेळ मारून नेशील. तुला येतं ते. तू म्हणालास, “हो. मीच.”

“दोन मजले बादल्या चढवल्यात मी. पोटुशी होते तेव्हा.”

“माहीत आहे. म्हणजे तेव्हा माहीत नव्हतं, नंतर वाचलं.”

“आणि आता बहिणीसाठी मत मागताय?”

“तिच्यासाठीच मागतोय. तुमच्या गल्लीचं सगळं तिने छापलं. सख्खा भाऊ समोर होता तरी गाळलं नाही. जे लिहिलंय ते शब्दन् शब्द खरं आहे. अशी बाई आत जाऊन बसली तर तुमची लाइन परत कोणी वळवणार नाही.”

बाईने दार पूर्ण उघडलं. मग म्हणाली, “आत या. पाणी देते.”

तू चप्पल काढून आत गेलास. मी आवाज न करता जिना उतरले आणि कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन नको असलेली काड्यापेटी घेतली. तू आलास तेव्हा विचारलंस, “काय म्हणतात डावीकडचे?” मी म्हटलं, “विचार करतायत.” तू म्हणालास, “उजवीकडचेही.”

तर मी सगळं ऐकलं आहे, हे तुला कळावं म्हणून लिहिलं.

निकालाच्या दिवशी त्या गल्लीने मला भरभरून मतं दिली आणि बाकीच्या प्रभागाने औषधवाल्याला. थोडक्यात गेलं. विद्यार्थिनी रडल्या. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू, पण हरल्यासारखं वाटलं नाही. कारण प्रत्येक दारात आपल्यानंतर तो पोहोचायचा, आणि प्रत्येक दारात त्याला एकच प्रश्न यायचा, “गॅलरीचं काय?” शेवटच्या आठवड्यात त्याच्या “बघू, बघू”चं “उघडणार” झालं. काल पहिली सभा होती. त्याने ठराव मांडला आणि तो मंजूर झाला. पहाऱ्यावरच्या त्याच माणसाने निरोप पाठवला की सोमवारपासून दार उघडं, आणि बाईंना सांगा जिन्याला कठडा बसवलाय.

टाचण्यांवाली बाई उरलेले कागद न्यायला येऊन गेली. कात्रीची पत्रकंही घेऊन गेली. तिच्या मते माझ्या कामाचा हा भाग आधीच्याइतकाच महत्त्वाचा आहे. मी वाद घातला नाही.

तुला पक्षाने नोटीस दिल्याचं कळलं, भाचीकडून. तू सांगितलं नाहीस. तिला विचारलं, बाबा काय म्हणाले, तर म्हणाली, “उत्तर लिहितायत. रोज फाडतायत.” फाडू नकोस. खरं तेच लिही, आखूड लिही. तुला येतं.

पुस्तकाबद्दल बोलायचं नाही असं मीच म्हटलं होतं, पण एवढं लिहिते. ते लिहिल्याचा मला कधी पश्चात्ताप झाला नाही. आजही नाही. पण छापून आलं त्या दिवशी पहिली प्रत हातात घेऊन मी सवयीने तुझ्याकडे निघाले होते. तुझ्या गल्लीच्या तोंडाशी आल्यावर लक्षात आलं, ही प्रत मी कोणाला दाखवायला चालले आहे. तिथूनच परत फिरले. त्यानंतर बरीच पुस्तकं झाली, सत्कार झाले, हार झाले. घरी येऊन ज्याच्यापुढे मिरवावं असा माणूस नव्हता. मी खरं लिहिलं आणि मला तुझी फार आठवण आली. ही सगळी वर्षं.

रविवारी सकाळच्या बसने तुझ्याकडे येते आहे. बोलावणं आलेलं नाही आणि त्याची वाट बघत बसण्याचं माझं वय राहिलेलं नाही. भावजयीला सांग, स्वयंपाकाचा घाट घालू नकोस. दार मात्र तिने नाही, तू उघड.

तुझी, आणि पहिल्यापासून तुझीच,
अक्का