पाल अजून सोडलेली नव्हती

भाविकाअक्का,

मी बरा झालो. हे वाक्य तू वाचलंच नाहीस असं समज, कारण तसं काही घडलेलं नाही.

सकाळी पालींची किळस घालवायला, खोटी पाल खरी भासवणारा व्हीआरचा तो डबा डोळ्यांवर चढवून बसलो होतो. पुण्याच्या डॉक्टरीणबाई फोनवर होत्या. हातावर पाल आली. मी शहाण्यासारखा तिला कुरवाळत बसलो. गार, लिबलिबीत, अगदी खऱ्यासारखी.

"बाई, किळसच येत नाहीये!"

"शाब्बास! मग आता डब्यातली पाल सोडू?"

डबा काढला. पाल पळाली, शेपटी माझ्या मुठीत वळवळत राहिली. पोटातलं सगळं बाहेर आलं. हात भांड्यांच्या साबणाने घासला, तरी तो माझा वाटत नाही. शेपटी पलंगाखाली आहे, चिमट्याने उचल. त्या चिमट्याने पुन्हा पापड भाजू नकोस.

माझं 'किळस येत नाहीये' एवढंच ऐकून बाईंनी उत्साहाने आबांना अभिनंदन कळवून टाकलंय. म्हणजे उद्यापासून मला रावेरच्या बागेत केळीचे घड उचलायला लावणार, आणि तिथे घडाघडात पाली. म्हणून मी पारोळ्याला मित्राकडे पळतोय. आबांना सांग, पोरगा अजून आजारीच आहे.

ते ऐकत नसतील, तर बागेतील समस्त पालींची रावेर तालुक्याबाहेर तात्काळ बदली करण्यात यावी, ही नम्र विनंती.

भूपेंद्र