वरच्या खोलीला माणूस

मंगळ. ९ सप्टें.
वरची खोली बघायला दोघं आले. पितृपंधरवड्यात कुणी बिऱ्हाड हलवत नाही, पण एजंट दत्ता म्हणतो, बघून ठेवायला काय जातं. पहिला वेल्डर. मागची खोली का सोडली, विचारलं. "अशीच." अशीच म्हणजे? एकतीस वर्षं कंपनीच्या टाइम ऑफिसात गेटपास फाडले. 'अशीच' म्हणणारा तीन महिन्यांत पळतो. नापास. दुसरा उगाच हसत होता. तोही नापास.

शुक्र. १२
वरवंडहून मंगलचा फोन. लेक माझी, पण बोलते माझ्या आईसारखी. "आप्पा, दसऱ्यापातूर वर कुणी आलं न्हाई तर घराला कुलूप. तुमी हिकडं यायचं." श्रावणात मोरीत पडलो ते तिच्या डोक्यातून जात नाही. माझ्याही जात नाही. सकाळी सातला पडलो. दुपारी दीडला मीटरचं रीडिंग घ्यायला माणूस आला, त्यानं उठवलं. तोवर हाका मारत होतो. ही, मंगलची आई, असती तर पहिल्या हाकेला आली असती, वर चार शिव्या दिल्या असत्या.
मंगलकडे काही कमी नाही. जावई भला माणूस. पण तिथं मी पाहुणा, आणि पाहुण्यानं किती दिवस राहायचं?

सोम. १५
ओडिशाची चार पोरं. आधारकार्डं पुढं धरली. लग्न झालंय का, स्वयंपाक कोण करणार, दारू? सगळं विचारलं. एकानं उलट विचारलं, "चाचा, आप अकेले रहते हो?" मी म्हटलं, नहीं. खोटं का बोललो कुणास ठाऊक. नापास.

गुरु. १८
तीन दिवस कुणी नाही. शेवटी फाट्यावर दत्ताच्या दुकानात गेलो. तो मोबाइलमधून मान वर काढीना. मग म्हणाला, "आप्पा, राग धरू नका. तुमी त्येंला नापास करताय आसं तुमाला वाटतंय. त्यो वेल्डर जिना उतरायच्या आधीच मला म्हनला, दुसरी दाखवा. खोली झकास हाय, पर मालक खालीच बसल्याला आसतो आन् इंटरव्ह्यू घेतो."
ओडिशाच्या चौघांचंही तेच म्हणणं. रिक्षा न करता चालत घरी आलो. वाईट वाटलं. फारच वाईट वाटलं. हसू पण आलं थोडं, पण ते नंतर.

सोम. २२, घटस्थापना
नवरा-बायको, नांदेडकडचे. तो कंपनीत पेंट शॉपला, ती पॅकिंगला. तोंडाला कुलूप घालून बसलो. पाणी सकाळी येतं, एवढंच सांगितलं. बाकीच्या चौकशा गिळल्या.
तीच म्हणाली, "आप्पा, खाली तुमच्याजवळ कोण राहते?"
कुणीच नाही म्हटलं. आणि एकदा तोंड उघडलं ते उघडलंच. मोरी, सात ते दीड, मंगल, दसरा, सगळं सांगून टाकलं. मंगल सोडून कुणाला सांगितलं नव्हतं. नवरा चपला घालत म्हणाला, "राग नका मानू. आम्ही दोघं दिवसभर बाहेर. उद्या काही झालं तर लोक आम्हालाच बोलतील."
खरं आहे. मी त्याच्या जागी असतो तर हेच म्हटलं असतं. विचार करून कळवतो म्हणाले.

बुध. २४
मंगलला सांगितलं, एक बिऱ्हाड बघून गेलंय. "पोलिसाचा फारम भरला का?" मिळाला आहे म्हटलं. मिळाला आहे खरा. त्यात अजून फक्त माझंच नाव आहे.
नांदेडवाल्यांनी अजून काही कळवलेलं नाही.

शुक्र. २६
फोन नाही. दोनदा दत्ताला लावला, दोनदा वाजायच्या आत बंद केला. लग्न जमवणाऱ्या मध्यस्थासारखी गत झालीय, फक्त नवरी पण मीच.
मंगलनं माझ्यासाठी खोली रंगवायला काढली म्हणे.

शनि. २७
दुपारी त्या नांदेडवाल्याचाच फोन. "आप्पा, उद्या आईला घेऊन येतो. ती आता आमच्याकडेच राहणार. दिवसभर घरीच असेल. तिला खोली बघायची आहे. आणि तुम्हाला पण."
मला पण! सत्तरीत बघायला येतायत. मी म्हटलं, या की, जेवायलाच या. तो जरा अडखळला. "एक सांगून ठेवतो. आईला ऐकू कमी येतं."
काही हरकत नाही म्हणालो.
जिना झाडला. वरच्या खिडक्या उघडून आलो. मग मोरीत जाऊन, दार लावून, पोटातून एक हाक मारून बघितली. वरपर्यंत गेली की नाही, ते सांगायला वर माणूस पाहिजे.