मोठ्या अक्षरांखालच्या गोष्टी

बाबा, मी आजी झाली. नात सात महिन्यांची हाये, समोर एकच दात, अन् हसली का सारं घर हसवते, थेट तुह्यावाणी. हे तुले सांगावं म्हणून लय दिवसांपासून कागद घेऊन बसीन म्हणत होती. आज बसली, तं सांगायचं भलतंच हाये. पण आधी चांगलं लिहिते.

तू कारंज्याले कापसाची गाडी घेऊन जाये अन् येताना गूळ, हळद, मिरे आणे. ते गुळाचं गोडपण मले आठवत नाई, त्या पुड्यांचे कागद आठवतात. मायनं पुडी रिकामी केली का तू तो कागद मांडीवर हातानं सरळ करे अन् मले हाक मारे. मी दोनच इयत्ता शिकलेली. वर्तमानपत्रातले वरचे मोठे अक्षर तेवढे लागत, खालचे मुंगीएवढे लागत नसत. तुले तं कोणतेच येत नव्हते. म्हणून मी वरची ओळ वाचो, अन् खाली काय झालं असंल ते तू सांगे. बातमी सहा-सहा महिन्यांची शिळी, पण आपल्या इंझोरीत ती त्याच दिवशी घडे.

एकदा निघालं, 'विमान शेतात उतरले'. तू म्हणाला, "मंग काय! उभ्या तुरीत शिरलं थे. पाटलानं धरून कोंडवाड्यात घातलं. सायेब सोडवाले आला, तं पाटील म्हनते, दोन दिसापासून वैरन टाकून राह्यलो, तोंडच लावत नाई. तुमचं जनावर बिमार हाये, घेऊन जा." दुसऱ्यांदा निघालं, 'पुण्यात स्त्रियांची सभा'. तू म्हणाला, "आपल्या गावातई झाली. हिची मायच अध्यक्ष. ठराव झाला का, उद्यापासून भाकरी मानसायनं थापाव्या. मी पयली थापली. गाडीच्या चाकाले लावली थे, अजून झिजली नाई." मायनं चिमटा उगारला, "सभा कायले पायजे? उद्या बसाच तुमी चुलीपाशी!" अन् वहिनी तोंडात पदर कोंबून हसे. दादाची बायको, पंधरा वर्षांची, लग्नाले वर्षही झालं नव्हतं.

मंग दादा गेला. त्या पहिल्या मोठ्या लढाईत सरकारी लोक मजूर भरती करून राह्यले होते. तू परत ओढून आणशील म्हणून खोटं नाव लिहून देऊन गेला. मुंबईहून एक कार्ड आलं, मास्तरानं वाचून दाखवलं, का दिवाळीच्या पाडव्याले बोट सुटते. बस, तेवढंच.

उन्हाळ्यात हळदीच्या पुडीचा कागद तू मांडीवर घेतला. मी नेहमीसारखी एका दमात वाचून बसली, 'मजुरांची बोट बुडाली'. वाचल्यावर समजलं. मायचा हात पिठात तसाच राह्यला. तू विचारलं, "खाली?"

बाबा, तवा मले बारीक अक्षर लागाले लागले होते. मास्तराच्या बायकोनं पोथी वाचून घेता घेता शिकवले होते. तुले सांगतलं नव्हतं, सांगतलं असतं तं तुह्या गोष्टी बंद झाल्या असत्या. खाली लिहिलं होतं का पाडव्याले मुंबईहून सुटलेली, वऱ्हाडातल्या मजुरांनी भरलेली, एकही माणूस वाचला नाही. मी म्हटलं, "बारीक हाये, बाबा. नाई लागत."

तू तो कागद मांडीवर पुन्हा एकदा सरळ केला. मंग म्हणाला, "बुडाली तं बुडाली. अडाण नदीच्या पुरात पवलेला पोरगा हाये माहा. निंघाला असंल एखाद्या बेटावर. तिथं मिरचीची भजी कोनाले माईत? दुकान टाकलं असंल त्यानं. तिथला राजा सकाळीच परात धाडते. एवढं गिऱ्हाईक टाकून येईन कसा?" माय रडता रडता हसली. तवापासून प्रत्येक पुडीत दादाच निघे. 'परदेशात दंगल' म्हणजे त्याची भजी संपली. 'तारा तुटल्या' म्हणजे त्याचीच तार येऊन राह्यली होती, मधातच तुटली.

तिसऱ्या वर्षी मानोऱ्याकडचा एक बिजवर वहिनीले मागाले आला. आपल्यात पाट लागते, त्यात वावगं काही नव्हतं. माणूस शांत होता. म्हणाला, "पोरीचं वय हाये. वाट पाह्यनं पुरे झालं आता." तू म्हणाला, "माह्या पोराचं दुकान चालून राह्यलं, अन् त्याच्या बायकोचा पाट लावू?" तो पाणी पिऊन निघून गेला. हसला नाई.

त्या दिवशी वहिनीनं मले, बारा वर्षांच्या पोरीले, गोठ्यात गाठलं. "बाई, तुले माही आन हाये. त्या कागदात खाली काय लिवलं होतं?"

मी म्हटलं, "मले कुठं येते बारीक वाचता, वहिनी."

मंग तू गेला. मंग माय गेली. मले गावातच दिलं होतं, दोन घरं सोडून. वहिनी तुह्या घरात एकटी. माही चार बाळंतपणं तिनं काढली, शेत केलं, रोज कुंकू लावलं, अन् पोस्टमन दिसला का दारात येऊन उभी राह्यली. किती वर्षं, बाबा! मागच्या पंधरवड्यात गेली. बायांनी हिरवं लुगडं नेसवलं, ओटी भरली. कपाळाले कुंकू मीच लावलं. मी पाय धरले तं शेजारीण म्हणाली, "माग वं तिच्यापाशी, मलेई असंच सवाशीण मरन दे म्हन." अन् मी मागतलं. सगळ्या ऐकून राह्यल्या होत्या, काय करू?

हा कागद मी कोणाले दाखवणार नाई. आजवर मनाले सांगत आली का, तुह्यासाठी अन् मायसाठी गप्प राह्यली. पुडीचा कागद वाचला तवा असंल तसं. पण गोठ्यात तसं नव्हतं, बाबा. वहिनी मानोऱ्याले गेली तं मले न्हाऊ कोण घालीन, माही वेणी कोण घालीन, एवढंच तवा माह्या मनात आलं होतं.