राहणार ना, मादाम?

१ सप्टेंबर

अखेर मी मोंसेर्व्ह या फ्रेंच खेड्याची रहिवासी झाले! लिमोजच्या महाविद्यालयात बरीच वर्षे इमारतींचा इतिहास शिकवल्यानंतर निवृत्तीसाठी तेराव्या शतकातले घर मिळावे, याहून शिक्षिकेला आणखी काय हवे? घर चर्चच्या उत्तर भिंतीला असे बिलगले आहे की एकाचा दगड कुठे संपतो आणि दुसऱ्याचा कुठे सुरू होतो, हे शोधण्यातच दुपार सरली. दगडी बांधकाम पाहताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी: सांधा जितका बारीक, तितका गवंडी कसबी. इथल्या सांध्यात नखही शिरत नाही.

संध्याकाळी शेजाऱ्यांनी अंगणात स्वागताचा पेला दिला. बेकरीवाले लाशो म्हणाले, "इंग्रजीण बाई, चहा विसरा आता! आमच्या अक्रोडाच्या दारूनं इंग्रजसुद्धा माणसात येतो." चर्चच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या वृद्ध ओदीलने त्यांना गप्प केले: "तुझ्या पावापेक्षा तुझी जीभच जास्त फुगते." मग माझा हात धरून तिने विचारले, "राहणार ना, मादाम?" मी म्हटले, राहणार. तिने पुन्हा विचारले आणि मग तिसऱ्यांदाही. मी प्रत्येक वेळी हसून होकार दिला. इथल्या बोलीत 'राहणे' आणि 'मागे उरणे' यांना एकच शब्द आहे, हे मी नंतर फोनवर माझ्या मुलीला, इमोजेनला, मोठ्या कौतुकाने समजावले.

तिसऱ्या होकाराच्या वेळी भिंतीतल्या एका अरुंद फटीआड काहीतरी जिवाच्या आकांताने खरवडत होते. "उंदीर," ओदील म्हणाली. सगळे हसले.

९ सप्टेंबर

ती फट म्हणजे रत्न आहे! मध्ययुगात एखादी स्त्री स्वेच्छेने चर्चलगतच्या कोठडीत राहायला जाई. मागून दार दगडांनी बुजवीत. पुढचे आयुष्य ती गावासाठी प्रार्थना करी आणि गाव फटीतून तिला पाव देई. ती आत आहे तोवर गावावर साथ येत नाही, गारपीट होत नाही, अशी श्रद्धा. वर्गात कोणीतरी हमखास विचारी, तिचा विचार बदलला तर? म्हणून तर आधी एक विधी असे. त्याविषयी सवडीने लिहीन.

फट माझ्याच कोठीघरात उघडते. कोठी मात्र रिकामी आहे. उंदराची लेंडीसुद्धा नाही.

डिसेंबरात इमोजेनला बाळ होईल. नोव्हेंबरात मी तिच्याकडे बोर्दोला जाणार आहे. बेकरीत हे सांगितले तेव्हा लाशोंना हसू आवरेना. "ऐकलंत का? बाई जाणार म्हणे!"

२० सप्टेंबर

आज एक कोडे पडले. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराच्या जागी सलग भिंत आहे. चुना ओला आहे, सांधे मात्र तेच जुन्या घडणीचे, नख न शिरणारे. शेजारी म्हणतात, तिथे दार नव्हतेच. मी स्वतः काढलेला घराचा आराखडा पाहिला. त्यात दार आहे. आराखड्यावर माझा विश्वास आहे.

२६ सप्टेंबर

लाशोंनी पाव हातात दिला नाही. फळीवर उलटा ठेवला. पूर्वी बेकरीत उलटा पाव फाशी देणाऱ्यासाठी राखून ठेवीत. तो गावात राही, पण गावाचा नसे. त्याच्या पावाला कोणी हात लावू नये म्हणून ही खूण. मी हे लाशोंना समजावून सांगितले. त्यांनी माझ्याकडे पाहिलेही नाही. पलीकडच्या गिऱ्हाइकाला म्हणाले, "यंदा सफरचंदं बघा, गारेचा एक डाग नाही!"

उद्याच बोर्दोला निघते. सामान भरले आहे.

२७ सप्टेंबर

पुढचे दार नाही.

खिडक्याही नाहीत. जिना वर जाऊन दगडाला टेकतो. इमोजेनला फोन लागला. मी ओरडत होते, आणि ती म्हणत होती, "आई? आवाज येत नाहीये गं. नुसतं कोणीतरी खरवडल्यासारखं—"

३ ऑक्टोबर

आता फक्त कोठी उरली आहे. आणि फट.

ओदील उलटा पाव घेऊन आली. मी हात जोडले, मला जाऊ दे म्हटले. तिचा स्वर मायेचा होता. "ओरडू नका, मादाम, घसा बसेल. तुम्हीच म्हणालात ना, राहणार. तीनदा म्हणालात."

तो विधी. बिशप तीनदा विचारी. तीन होकारांनंतर चौथे उत्तर ऐकले जात नसे. मी हे इतकी वर्षे शिकवले — फळ्यावर लिहून —

भिंतीवर नखांनी कोरलेले डच शब्द आहेत. माझ्याआधी हे घर एका डच बाईचे होते. ती कुठे गेली, म्हणून विचारले. ओदील म्हणाली, "जागा एकीलाच पुरते हो. नवी आली की जुनी... असो. पाव खा."

ऑक्टोबर. तारीख माहीत नाही

बाहेर इमोजेन. तिचाच आवाज!

अंगणात आहे. फटीतून तिचा निळा कोट दिसतो, पोटावर ताणलेला. मला शोधत आली आहे. मी हाका मारते — ती वळत नाही —

ओदील सांगते आहे, "आई येतीलच हो. तोवर बसा." लाशो: "दारू नको हं, तुम्ही दोन जिवांच्या!" ती हसते. म्हणते, घर किती सुंदर आहे.

"राहणार ना, मादाम?"

"हो, आई येईपर्यंत राहते की."

नाही. नाही —

आवाज पोहोचत नाही. हे पान फाडून फटीतून ढकलीन. डाव्या हाताने दगड खरवडते आहे, नखे —

"तिकडे काय वाजतंय?"

"उंदीर."

इमोजेन, ते विचारतील तेव्हा नाही म्हण. तीनदा विचारतात. उद्धट वाटले तरी चालेल, नाही म्हण —

दुसऱ्यांदा विचारले. ती म्हणाली, हो, हो.

"आणि बाळ? दोघंही राहणार ना?"

ती हसते आहे. पोटावर हात ठेवला — इमोजेन, नाही म्हण, ना